सरांनी काढायला लावलेले पान

श्रीनिवास लोहगावकर सरांच्या हातात कोणी प्रबंध ठेवला, की ते आधी विषय पाहत नसत, ऋणनिर्देशाचे पान उघडत. शहरातल्या एका जुन्या महाविद्यालयात त्यांनी आयुष्यभर वाणिज्य शिकवले, त्यातही लेखापरीक्षण हा त्यांचा हातखंडा विषय. पण विद्यार्थ्यांत त्यांचे नाव निघे ते या पानावरून. आधी संस्थाचालक, मग प्राचार्य, मग मार्गदर्शक, मग ग्रंथपाल, मग आईवडील, शेवटी टंकलेखक. हा क्रम मोडलेला त्यांना चालत नसे. कोणी आईला प्राचार्यांच्या वर नेऊन बसवले, तर सर लाल पेनाने बाण काढून तिला खाली आणत. "आईवर प्रेम घरी करा," ते म्हणत. "इथं शिष्टाचार असतो." मुले हसत आणि मुकाट्याने आईला खाली आणत.

माणूस वाईट नव्हता. गारखेड्याहून जुन्या स्कूटरवर येणारा, घंटेच्या आधी वर्गात उभा राहणारा, कोणा विद्यार्थ्याच्या लग्नाची पत्रिका आली की खुलताबाद असो की कन्नड, अक्षता टाकायला हमखास जाणारा. लेखापरीक्षण शिकवताना त्यांचा एक तास ठरलेला असे. ताळेबंदाच्या खाली बारीक अक्षरात ज्या टिपा देतात, त्यांचा तो तास. "आकड्यात चूक झाली तर ती दुरुस्त होते," ते सांगत. "न सांगता ठेवलेली गोष्ट मात्र कधी ना कधी मानगूट धरते. जे आहे ते टिपेत सांगून मोकळं व्हायचं." वर्ग हे उतरवून घेई. बहुतेकांनी ते परीक्षेपुरते लक्षात ठेवले. प्रेरणा मतसागर हिने ते खरे मानले.

प्रेरणा वैजापूर तालुक्यातली. वडील पुंजाराम कांदा आणि कपाशी पिकवणारे, खाऊनपिऊन सुखी, आणि पोरीला शिकवायचेच म्हणून भावकीत कोणाचे न ऐकणारे. एम.कॉम. झाल्यावर ती गंगापूरच्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवू लागली. जेवढे तास घ्यायचे तेवढेच मानधन, आणि उन्हाळ्याच्या सुटीत काही नाही. त्याच सुमारास तिने सरांकडे पीएच.डी.ला नाव नोंदवले.

विषय तिने स्वतः आणला होता. वैजापूरच्या बाजार समितीत सकाळी कांद्याच्या लिलावाचा पहिला भाव कसा फुटतो म्हणजे जाहीर होतो, आणि तो एक भाव दिवसभर मागच्या ट्रॉल्यांना कसा बांधून ठेवतो. लहानपणी ती वडिलांबरोबर ट्रॅक्टरवर बसून त्या आवारात जायची, आता अभ्यासाला जाऊ लागली. व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीकडे सरके, तशी त्यांच्या मागे हीही सरके. "मॅडम, बोली लावता का?" असे विचारून व्यापारी हसत. "लावते की, पण उधारीवर," ती म्हणे. हळूहळू त्यांना तिची सवय झाली. हमाल, मापाडी, अडते, कांदा निवडणाऱ्या बाया, सगळ्यांशी ती बोलली. तिच्या हाती जे लागले ते कोणत्या पुस्तकात नव्हते, हे सरांनाही ठाऊक होते, आणि त्याचा त्यांना अभिमान वाटे.

प्रेरणाला प्रबंध मराठीत लिहायचा होता. सरांनी मोडता घातला.

"मराठीत लिहिलंस तर तुझं काम तुझ्या तालुक्यातच राहील. इंग्रजीत लिही."

"सर, माझं इंग्रजी कसं आहे ते तुम्हाला ठाऊक आहे."

"भाषा मी बघतो."

हे तीन शब्द सरांना पुढे फार जड गेले. पहिल्या दोन प्रकरणांपर्यंत त्यांनी ते पाळले. ओळ न् ओळ तपासली, 'अफोरसेड'सारखे आपल्या काळचे भारदस्त इंग्रजी शब्द पेरले, समासात टिपणे लिहिली. मग महाविद्यालयात मूल्यांकन समितीची तयारी सुरू झाली. सगळ्या फायलींचे काम विभागात सर्वांत टापटीप माणूस म्हणून लोहगावकर सरांच्या गळ्यात पडले, आणि त्यांनी ते आवडीने घेतले. प्रेरणाची पुढची तीन प्रकरणे अख्खा पावसाळा त्यांच्या कपाटात पडून राहिली. ती फोन करी. "बघतो," सर म्हणत. पुन्हा फोन करी. "या आठवड्यात नक्की." त्यांच्या मनात खरोखरच तसे असे.

शेवटी तिने फोन करणे सोडले. गंगापूरच्या महाविद्यालयात कायम जागा निघणार होती, आणि ज्या उमेदवाराचा प्रबंध सादर झालेला असेल त्याचाच तिथे विचार व्हायचा होता. तिला थांबणे परवडणारे नव्हते. दिवाळीनंतर ती तिन्ही प्रकरणे नव्याने घेऊन आली. सरांनी ती चाळली. इंग्रजी सफाईदार होते, कुठे अडखळत नव्हते. मुलीने सहा महिन्यांत भाषेत एवढी मजल कशी मारली, हा प्रश्न त्यांच्या मनात आला नाही असे नाही. त्यांनी तो येऊ दिला आणि तसाच जाऊ दिला. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी 'छान' लिहून सही केली.

मग एक दिवस ती पूर्ण मसुदा घेऊन आली. दुपार होती, विभागात दुसरे कोणी नव्हते. सरांनी सवयीने ऋणनिर्देश उघडला. क्रम बिनचूक होता. पान उलटले तर मागे आणखी एक पान निघाले, वर मथळा: एआय साधनाच्या वापराचे निवेदन.

त्यात तिने सरळ लिहिले होते. तिसरे, चौथे आणि पाचवे प्रकरण मी आधी मराठीत लिहिले. त्याचे इंग्रजी करण्यासाठी एआय साधनाची मदत घेतली. कोणते साधन, कोणत्या महिन्यांत, तेही नमूद होते. प्रत्येक वाक्य मूळ मराठीशी ताडून पाहिले आहे. मुलाखती, भाव आणि निष्कर्ष माझे आहेत. साधनाने आपणहून सुचवलेले दोन संदर्भग्रंथ शोधले असता असे ग्रंथच नसल्याचे आढळले, ते घेतलेले नाहीत. काही चूक राहिली असल्यास ती माझी.

सरांनी ते दोनदा वाचले. परक्या कोणाच्या प्रबंधात असे पान दिसते, तर त्यांनी ते वर्गात नेऊन वाचून दाखवले असते. पण इथे त्यांची नजर अडकली ती तीन आकड्यांवर. तिसरे, चौथे, पाचवे. त्यांच्या कपाटात पडून होती ती हीच प्रकरणे. हे पान वाचणारा पहिला माणूस विचारील, की मग मार्गदर्शक काय करत होते?

"हे काय आहे?"

"निवेदन आहे सर. कुठं काय वापरलं ते."

"प्रबंधात यंत्राचे आभार मानत नाहीत."

"आभार नाय सर. नुसती नोंद आहे."

"नोंद म्हणजे कबुलीच झाली. परीक्षकाच्या हातात आपणच काठी कशाला द्यायची? तो पुढचं वाचणारसुद्धा नाही. म्हणेल, बाईंनी सगळं मशीनकडून लिहून घेतलंय."

"पण तुम्हीच शिकवलं ना सर, टिपेत सांगून मोकळं व्हायचं म्हणून."

सर हसले. ते हसणे त्यांना नंतर कितीतरी वेळा आठवले. "ते कंपन्यांसाठी गं. तू काय कंपनी आहेस?"

प्रेरणाही थोडी हसली. मग पानाकडे पाहत राहिली. "काढू मग?"

"काढ. मी आहे ना."

लाल पेनाने त्यांनी पानावर तिरकी रेघ ओढली. आपण मुलीच्या भल्याचेच सांगितले, असे त्यांनी स्वतःला त्याच क्षणी पटवून दिले. गारखेड्याला पोचेपर्यंत ते पटलेही होते.

जानेवारीत संशोधन केंद्रापुढे तिचे अखेरचे सादरीकरण ठरले. हे पार पडले की प्रबंध सादर करता येतो, एरवी नाही. केंद्राचे प्रमुख होते डॉ. इंद्रजीत बोराडे. हेही एके काळी सरांचेच विद्यार्थी, आणि सर खोलीत आले की अजून उठून उभे राहत. बाहेरगावचे दोन प्राध्यापक होते. व्हरांड्यातल्या बाकावर पुंजाराम पांढरे धुतलेले कपडे घालून बसले होते, पायाशी पिशवी. पोरीचे नाव वर्तमानपत्रात कधी येणार, एवढेच त्यांना विचारायचे होते.

प्रेरणा चांगली बोलली. लिलावाचा पहिला भाव फुटताना कोण कोणाकडे पाहतो, हे तिने असे सांगितले की बाहेरचे दोघे खुर्चीत पुढे सरकले. एकाने विचारले, "म्हणजे पहिल्या ट्रॉलीचा शेतकरी बाकीच्यांचं नशीब ठरवतो?" "नाय सर," ती म्हणाली, "पहिल्या ट्रॉलीला हात लावणारा ठरवतो." लोहगावकर सरांची मान ताठ झाली.

मग इंद्रजीतने पाने चाळत हसून म्हटले, "सर, पहिल्या दोन प्रकरणांत तुमचा हात ओळखू येतो. दर चार ओळींना एक अफोरसेड आहे. आम्हालाही तुम्ही असंच लिहायला लावलं होतं." सगळे हसले. इंद्रजीत पुढे म्हणाला, "तिसऱ्यापासून मात्र कोणी वेगळंच बोलतंय. मॅडम, एआय वापरलं का?"

"वापरलं सर. मराठीचं इंग्रजी करायला."

"वापरायला हरकत नाही. आपल्या केंद्राने मागच्या वर्षीच ठरवलंय, वापरा, पण तसं निवेदन जोडा. ते कुठंय?"

त्या निर्णयाचे पत्रक सरांच्या टपालात आले होते. मूल्यांकनाच्या धांदलीत त्यांनी ते न वाचता फायलीत लावले होते, तारखेप्रमाणे, व्यवस्थित.

प्रेरणाने सरांकडे पाहिले. तिच्या पाहण्यात तक्रार नव्हती. वर्गात उत्तर येत असूनही सरांनी विचारल्याशिवाय न बोलणारी मुलगी जशी पाहते, तशी ती पाहत होती. सर समोरच्या पाण्याच्या पेल्यावरचे झाकण नीट बसवू लागले.

"राहून गेलं," ती म्हणाली.

"राहून गेलं की ठेवलं नाही? दोन्हींत फरक आहे मॅडम."

ती समोरची पाने जुळवू लागली. इंद्रजीतने मान वळवली. "सर, तुम्हाला कल्पना होती?"

लोहगावकर सर म्हणाले, "माझ्याकडे प्रकरणं आली तेव्हा भाषा नीट होती."

वाक्य अक्षरशः खरे होते. कोणत्याही लेखापरीक्षकाला त्यात बोट ठेवायला जागा सापडली नसती. इंद्रजीत त्यांच्याकडे थोडा वेळ पाहत राहिला, मग त्याने पेनाचे टोपण काढले. समितीने शेरा दिला, की साधनाचा वापर उघड केला नाही, सबब प्रबंध रोखून ठेवावा आणि पुढच्या सत्रात फेरविचार करावा. शेऱ्याखाली मार्गदर्शक म्हणून सरांचीही सही झाली.

बाहेर पुंजाराम उठून उभे राहिले. "झाली का सर आमची डॉक्टर?"

"थोडं राहिलंय," सर म्हणाले.

"राहू द्या, राहू द्या. घाई कशाची. तुमच्या हाताखाली हाय म्हणल्यावर आम्हाला काय घोर नाय." पुंजारामांनी पिशवी पुढे केली. "हुरडा हाय. सकाळीच काढला. घरी वहिनीसायबांना द्या."

सरांनी पिशवी घेतली. नको म्हणायला काही कारण सापडले नाही. मागे प्रेरणा लॅपटॉपची वायर गुंडाळत उभी होती. तिने मान वर केली नाही.

घरी भानुमतीबाईंनी पिशवीत हात घालून कोवळे दाणे तळव्यावर घेतले. "कुणी दिला एवढा?"

"मतसागरच्या वडिलांनी."

"म्हणजे झालं वाटतं तिचं."

"थांबवलं." मग सरांनी हळूहळू सगळे सांगितले. ते बायकोपासून काही लपवत नसत, निदान फार काळ नाही. बाई ऐकत होत्या.

"तिनं तुमचं नाव घेतलं नाही?"

"नाही."

"आणि तुम्हाला विचारलं तेव्हा?"

"माझ्याकडे आलं तेव्हा भाषा नीट होती, म्हटलं."

"खोटं नाही बोललात."

"नाही ना."

"खरंही नाही." बाई उठल्या. "तव्यावर परतू का हुरडा, की उद्या?"

बाईंनी तो फ्रिजमध्ये ठेवून दिला, आणि दोन दिवसांनी शेजारी दिला.

त्यानंतर सरांनी मनाशी पुष्कळ गोष्टी ठरवल्या. इंद्रजीतला भेटायचे, प्रेरणाला फोन करायचा, गरज पडली तर लेखी द्यायचे. पण प्रत्येक गोष्टीला एक अडचण तयारच असे. परीक्षा आल्या. उत्तरपत्रिका आल्या. फेरविचार व्हायचाच आहे तर तेव्हा आपण जोर लावू, असेही त्यांनी ठरवले. प्रेरणाचा फोन येत नव्हता. पूर्वी बाजारात भाव पडला किंवा चढला, तरी ती सरांना कळवायची, "सर, आज लिलाव बंद पाडला शेतकऱ्यांनी" वगैरे. आता काहीच नव्हते. फोन वाजला की सरांचा हात आधी पुढे जाई आणि नाव दुसरेच निघे.

एकदा ते इंद्रजीतच्या खोलीपर्यंत गेले. इंद्रजीत उठून उभा राहिला, बन्सी शिपायाला चहा सांगितला, आणि सर तोंड उघडणार तोच म्हणाला, "बरं झालं आलात सर. तुमच्या निरोप समारंभाचं ठरवतोय आम्ही. जुने विद्यार्थी पुण्याहून येताहेत. प्रत्येकजण ऋणनिर्देशाचा किस्सा सांगणार म्हणतोय."

"कशाला उगीच," सर म्हणाले.

"उगीच कसं? सगळी हयात इथं काढलीत. एक डाग नाही."

चहा आला. सरांनी तो संपवला, कप बशीत मधोमध ठेवला, आणि आले तसे परत गेले. जिन्यात त्यांना स्वतःची इतकी शरम वाटली, की वर येणाऱ्या मुलींनी केलेला नमस्कारही त्यांनी घेतला नाही.

मार्चमध्ये गंगापूरहून आलेल्या एका प्राध्यापकाने सहज सांगितले, की त्यांच्याकडची वाणिज्याची जागा भरली. परभणीकडचा मुलगा आला, प्रबंध सादर झालेला. "तुमची ती मतसागर होती ना सर, मुलं तिच्यावर फार खूष. पण कागद नव्हता हो." सर म्हणाले, "हो का." तेवढेच म्हणाले. त्या दिवशी त्यांनी टिपांचा तो ठरलेला तास घेतला नाही. मुलांना ग्रंथालयात पाठवले.

प्रेरणा आली ती एप्रिलमध्ये. ऊन चढले होते, विभागातला पंखा नुसता आवाज करत होता. ती थोडी वाळली होती. खुर्चीच्या कडेवर बसली आणि तिने पर्समधून एक अर्ज काढून टेबलावर ठेवला. मार्गदर्शक बदलून मिळण्याचा अर्ज. मूळ मार्गदर्शकाची ना-हरकत सही हवी होती.

"सर, सही पाहिजे होती."

सरांनी अर्ज वाचला. कारणापुढे तिने लिहिले होते: मार्गदर्शक सेवानिवृत्त होत असल्यामुळे.

"निवृत्तीनंतरही मी तुझं काम पूर्ण करू शकतो. तशी तरतूद आहे."

"ठाऊक आहे सर."

पंखा फिरत राहिला. सर म्हणाले, "मग हे कारण खरं नाही."

"असू द्या सर. चालतं."

"खरं कारण लिही. मी त्यावर सही करतो."

प्रेरणाने पहिल्यांदा सरळ त्यांच्याकडे पाहिले. आवाज चढवला नाही. "मी खरं एकदा लिहिलं होतं सर."

सरांनी चष्मा काढला. पुसला नाही, हातात धरून बसले. ही मुलगी आजही त्यांच्यावरच पांघरूण घालायला आली होती, आणि तेही त्यांच्याकडून सुटका करून घेताना. जानेवारीत त्यांनी गप्प बसून जे घेतले, तेच ती आज आपणहून पुन्हा देत होती. ते घेतले असते तर सगळे सोयीचे होते. समारंभ तोंडावर आला होता.

"चल," ते उठत म्हणाले.

"कुठं?"

"वर. इंद्रजीतकडे."

"नको सर. माझं आता काय नाय. उगीच तुमचं..."

"चल म्हटलं ना."

इंद्रजीत नेहमीप्रमाणे उठून उभा राहिला. सर बसले नाहीत. उभ्यानेच म्हणाले, "जानेवारीत तू मला विचारलं होतंस, मला कल्पना होती का म्हणून. होती. निवेदनाचं पान तिनं लिहून आणलं होतं. मी काढायला लावलं. ती तीन प्रकरणं माझ्याकडे पडून होती, मी बघितली नव्हती, आणि ते त्या पानावरून कळलं असतं. म्हणून काढायला लावलं. आणि तुझ्यासमोर गप्प बसलो."

इंद्रजीतने प्रेरणाकडे पाहिले. ती खिडकीबाहेर पाहत होती. त्याने दार लोटून घेतले.

"सर, हे तोंडी सांगितलंत, तर मी ऐकलं म्हणेन आणि विसरेन."

"लेखीच देतो."

"लेखी आलं तर मला समितीपुढं ठेवावं लागेल. तुमच्याविरुद्ध शेरा जाईल. समारंभ पंधरवड्यावर आलाय."

"कागद दे."

इंद्रजीतने कोरा कागद दिला. सरांनी बसून लिहिले, सुवाच्य अक्षरात, समास सोडून. लिहिताना थांबले नाहीत. इंद्रजीतने ते वाचले.

"सर, खरं सांगू? मला त्या दिवशीच शंका आली होती. तुमचे विद्यार्थी टीप द्यायला विसरत नसतात. म्हणून तर तुम्हाला विचारलं मी. वाटलं, तुम्ही म्हणाल, अरे ते पान मी बाजूला ठेवलंय. मी म्हटलं असतं, लावा परत, संपला विषय." त्याने कागद खाली ठेवला. "पाच मिनिटांचं काम होतं."

सरांनी पेनाचे टोपण लावले.

पुढचे काम लवकर आटोपले. प्रेरणावरचा शेरा मागे घ्यायचा, निवेदनासह प्रबंध नव्या मार्गदर्शकाकडून सादर करायचा, असे इंद्रजीतने टिपण तयार केले. प्रेरणाचा अर्ज सरांनी पुढे ओढला, 'सेवानिवृत्त होत असल्यामुळे' यावर रेघ मारली, आणि वर आपल्या हाताने लिहिले, 'मार्गदर्शकाने कर्तव्यात कसूर केल्यामुळे'. खाली सही केली. प्रेरणाने ते वाचले. हरकत घेतली नाही. एखादा विद्यार्थी अशा वेळी म्हणतो, की नाही हो सर, असं कसं, तुम्हीच तर घडवलंत आम्हाला. सर तशा वाक्याची वाट पाहत होते, हे त्यांच्याच ध्यानात आले आणि ते ओशाळले.

दोघे जिना उतरून खाली आले. फाटकाशी गुलमोहराखाली रिक्षा उभ्या होत्या.

"आता कुठं शिकवतेस?"

"शिकवणं सुटलं सर. वाळूजला एका कंपनीत अकौंट्सला लागलेय. आज अर्धी सुटी टाकून आले. दुपारच्या शिफ्टची बस बाबा पेट्रोल पंपावरून मिळती."

"लिलाव बघायला जातेस का अजून?"

"वेळ नाय मिळत. सकाळचं असतं ना ते."

"प्रबंध आता होईल."

"होईल सर. कागद होईल."

"मी सोडतो तुला पंपापर्यंत. स्कूटर आहे."

"नको सर. रिक्षानं जाते."

तिने रिक्षावाल्याला हात केला. तो काहीतरी जास्तीचे बोलला, तिने "इतना नहीं होता भैया, रोज का है" म्हणून त्याला गप्प केले आणि आत बसली. सर रिक्षाच्या दांडीला हात लावून उभे राहिले. त्यांना पुष्कळ म्हणायचे होते. कपाटातल्या पावसाळ्याबद्दल, त्या हसण्याबद्दल, पाण्याच्या पेल्यावरच्या झाकणाबद्दल. त्यातले काहीच त्यांना नीट मांडता येईना.

"माझ्याकडून उशीर झाला प्रेरणा," ते म्हणाले.

वाकून त्यांच्या पाया पडावे अशी जागा रिक्षात नव्हती, आणि ती उतरली नाही.

"व्हय सर," ती म्हणाली. "झाला."

सरांनी दांडीवरचा हात काढला. रिक्षा वळून उन्हात गेली.